बाकीच्यांची नावंही द्या
चयापचय, एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जनुकांचं काम कसं बदलतं याचा अभ्यास) आणि वार्धक्यावर काम करणाऱ्या संशोधन गटावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात प्रमुख शास्त्रज्ञांपलीकडे कोणी दिसतच नाही. माझी भाची नेरुळहून हार्बर लोकलने अशाच एका प्रयोगशाळेत जाते. उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या यकृताचे नमुने ठरलेल्या तासालाच घ्यावे लागतात, मग मध्यरात्र असो की दिवाळी. सर्टुइन नावाची एन्झाइम्स एनएडी या पेशीतल्या रेणूच्या मदतीने हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, काढतात आणि जनुकांचं काम बदलतं, हे आपण एका ओळीत वाचून मोकळे होतो! उंदीर साधारण दोन-तीन वर्षं जगतो, म्हणजे म्हातारपणाच्या एकाच प्रयोगात पीएचडीची निम्मी वर्षं जातात. तेवढा काळ पिंजरे साफ ठेवणारे, खाणं तोलून घालणारे कर्मचारीही त्याच गटातले. पुढच्या भागात त्यांच्याशीही बोला, प्लीज.