'बेरूतमध्ये सगळं नष्ट झालं' हे खरं नाही

एक विधान सतत पुढे केलं जातं: पॅलेस्टिनी क्रांतीचा सिनेमा फ्रेंच-स्विस दिग्दर्शक गोदारसारख्या परदेशी पाहुण्यांनी घडवला आणि जो होता तो १९८२ मध्ये, इस्रायलच्या आक्रमणात, लेबनॉनची राजधानी बेरूतमध्ये कायमचा नष्ट झाला.

गोदार १९७० मध्ये कॅमेरा घेऊन आले, त्याच्या दोन वर्षं आधीच जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये पॅलेस्टिनींचा स्वतःचा चित्रपट गट कामाला लागला होता. सुलाफा जादल्लाह, हानी जवहरिया आणि मुस्तफा अबू अली यांनी तो उभा केला. सुलाफा कैरोत छायालेखन शिकलेल्या. सुरुवात झाली ती शहीद फिदायींच्या, म्हणजे पॅलेस्टिनी गनिमी लढवय्यांच्या, फोटोंपासून. अबू अलींचा १९७४ चा 'ते अस्तित्वातच नाहीत' पाहा: इस्रायली विमानं बॉम्ब टाकतात आणि वर युरोपीय अभिजात संगीतकार बाखचं संगीत वाजत राहतं. हे पाहुण्याचं काम नव्हे. हानी तर १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगरात चित्रीकरण करतानाच मारले गेले.

या पॅलेस्टिनी चित्रपटांचा बेरूतमधला संग्रह १९८२ च्या आक्रमणानंतर बेपत्ता झाला, एवढं खरं. त्यात बेरूतमधल्याच पॅलेस्टाइन संशोधन केंद्राची गोष्ट मिसळू नका. तिथलं ग्रंथालय इस्रायली सैन्याने उचलून नेलं आणि १९८३ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत परत दिलं. तो संग्रह वेगळा.

शिवाय संग्रह गेला म्हणजे चित्रपट गेले असं होत नाही. प्रती जगभर पाठवल्या जात. लेबनॉनमधल्या तल अल-जातर या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीवरची रिळं रोममध्ये कामगार चळवळीच्या दृक्‌श्राव्य संग्रहात टिकली. टोकियोत १६ एमएमचे वीस चित्रपट जपले गेले. दिग्दर्शक मोहनद याकूबींचा 'आर-२१' (२०२२) हा चित्रपट त्यांच्यावरच उभा आहे. 'नष्ट' म्हटलं की पुढचा फिल्मचा डबा कुणी उघडतच नाही, म्हणून या शब्दाला आमचा विरोध आहे.

डबा सापडलाच तर प्रोजेक्टरवर चढवू नका. आधी वास घ्या: व्हिनेगरसारखा आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, सडतंय. अशी पट्टी आकसते. एक टक्क्याच्या आसपास आकसली की काठावरची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि फाटतात. हाताने सावकाश गुंडाळा, थंड, कोरड्या जागी ठेवा आणि दाते नसलेल्या स्कॅनरवरच स्कॅन करून घ्या. मग फिल्मचा काठ वाचा. कोडॅकच्या चौकोन, त्रिकोण, गोल अशा खुणा कच्ची फिल्म कोणत्या वर्षी बनली ते सांगतात. पण त्याच खुणा साधारण वीस वर्षांनी परत येतात आणि निगेटिव्हच्या खुणाही प्रतीवर उतरतात, त्यामुळे एकाच पट्टीवर दोन वर्षं दिसू शकतात. दोन्ही लिहून ठेवा. स्कॅन साफ करताना परक्या भाषेतली उपशीर्षकं डाग समजून पुसू नका. ती प्रत कुठल्या देशात, कुणाला दाखवली गेली ते त्यांच्यावरूनच कळतं.