"स्लाइट रिस्क म्हणजे काही होत नाही" हा मेसेज पुढे पाठवू नका

मंडळी, डॅलसच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरतोय. त्यात म्हटलंय की हवामानवाले उगाच घाबरवतात, हवामान खात्याच्या वादळांच्या अंदाजाच्या नकाशात पिवळं म्हणजे स्लाइट रिस्क (थोडा धोका), त्यात काही होत नाही, सकाळी ऊन पडलं की अंदाज चुकला समजा, आणि गाडीत असाल तर फ्लायओव्हरखाली थांबा. यातला शेवटचा मुद्दा जीव घेणारा आहे म्हणून तोच आधी घेतो.

3 मे 1999 ला ओक्लाहोमात टोर्नेडो आले त्या दिवशी फ्लायओव्हरखाली आसरा घेतलेली तीन माणसं गेली. पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याला अजून जोर येतो, पत्रे-फळ्या-काचा सरळ अंगावर येतात, शिवाय तुम्ही थांबलात की मागचा हायवे तुंबतो आणि मागच्यांना पळताही येत नाही. पक्क्या बिल्डिंगमध्ये शिरा, खालच्या मजल्यावर, आतल्या बिनखिडकीच्या खोलीत.

आता स्लाइट. त्याच 3 मेला पहाटेचा अंदाज स्लाइटच होता, अकराच्या पुढे तो त्यावरच्या पायरीचा मॉडरेट झाला, दुपारी पावणेचारच्या सुमारास सगळ्यात वरचा हाय, आणि संध्याकाळी मूर गावातली घरं पार पायापर्यंत साफ. म्हणून सकाळी एकदा नकाशा बघून दिवसभर विसरायचं नाही. आणि अंदाजात गारांचे 15 टक्के लिहिले असतील तर 85 टक्के सुटलो असंही नाही हो, तो आकडा तुमच्यापासून 25 मैलांच्या आत मोठ्या गारा पडायची शक्यता सांगतो, आणि एरवीच्या दिवसापेक्षा ती कितीतरी पट जास्त असते. मागच्या मेमध्ये आमच्या गल्लीत लिंबाएवढ्या गारा पडल्या, ड्राइव्हवेतल्या गाडीची मागची काच गेली, तेव्हा नकाशा पिवळाच होता.

सकाळच्या उन्हाचं म्हणाल तर मेक्सिकोच्या पठारावरून आलेली गरम कोरडी हवा वर झाकणासारखी बसते, खाली गल्फची, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडची, दमट हवा तापत राहते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर यायला बघतात आणि चपटे होऊन विरतात. चारपाच वाजता झाकण फुटलं की तासाभरात आभाळ काळंहिरवं. आपल्याकडच्या वळवाची सवय असलेल्यांना हे खरं वाटत नाही, मलाही पहिली दोन वर्षं वाटलं नव्हतं.

अंदाज फसतात हे मात्र खरंय. 20 मे 2019 ला हाय रिस्क होता, ओक्लाहोमा सिटीच्या शाळा बंद ठेवल्या, आणि भीती होती तेवढं झालं नाही. पण त्याच दिवशी ओक्लाहोमातल्याच मँगम गावाला टोर्नेडो लागला, तिथल्या लोकांना विचारा.

मेसेजमध्ये नाही पण लोक धरून चालतात असं अजून एक, काही असेल तर सरकारी अलर्टने फोन वाजेलच. वादळाच्या साध्या वॉर्निंगला तो वाजत नाही, ताशी 80 मैल वारा किंवा जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढी गार असेल तरच वाजतो, टोर्नेडोच्या वॉर्निंगला मात्र वाजतो. आणि जून-जुलैत कान्सस-ओक्लाहोमाकडची वादळं एकत्र येऊन कधीकधी रात्रभर खाली सरकत पहाटे इथे पोचतात, आपण झोपेत असताना. आम्ही उशाशी बॅटरीवरचा वेदर रेडिओ ठेवतो, वॉर्निंग आली की तो आपोआप वाजतो.