आरशावरचा आठवण-दिवा: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

इंडिकेटर चालू राहिलाय याची आठवण म्हणून त्याच्याबरोबर लुकलुकणारे दोन एलईडी मी घरी बनवून मोटरसायकलच्या आरशांच्या दांड्यांवर लावले, त्याबद्दल तुम्ही सडकून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंडिकेटर बंद करणं ही अंगठ्याची सवय आहे, ती ज्याला लागत नाही त्याने गाडी चालवू नये. कंपनीच्या वायरिंगला हात लावला की ती आज ना उद्या जळणारच. तुमच्या भाच्याने एलईडी लावले तेव्हा इंडिकेटर भराभर उघडझाप करू लागले आणि शेवटी चारही एकदम लागायला लागले. आणि हे सगळं बेकायदा आहे. येझदीच्या काळापासून गाडी चालवणाऱ्या माणसाने इतक्या कळकळीने लिहिल्यावर दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही.

आधी सवयीबद्दल, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. चारचाकीत चाक सरळ होताना स्टिअरिंगखालचा खटका इंडिकेटरची दांडी मागे ढकलतो. दुचाकीला ही सोय जमत नाही, कारण वेगात असलेली गाडी कलून वळते, हँडल जेमतेम हलतं. यामाहाने सत्तरच्या दशकातच वेळ आणि अंतर मोजून आपोआप बंद होणारे इंडिकेटर काही गाड्यांवर दिले होते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र आजही बटण दाबलं तरच ते थांबतात.

आता ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पातलीपाड्याचा पूल डोळ्यांसमोर आणा. पुलावर न चढता खालून जायचं म्हणून आपण डावा इंडिकेटर देतो आणि अलगद डावीकडे सरकतो. हे काही खरं वळण नसतं, त्यामुळे वळण झालं, आता बंद करावं, असं अंगाला जाणवतच नाही. पुढे ट्रक, खड्डा, उलट्या दिशेने येणारी रिक्षा. पुलाखालच्या चौकात आपण सरळ निघालेले असतो आणि डावा इंडिकेटर अजून चालू असतो. डावीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबलेली स्कूटरवाली बाई तो बघते, हा इकडेच वळतोय असं समजते आणि गाडी पुढे काढते. तिचं काय चुकलं? तिने आपल्या इंडिकेटरवर विश्वास ठेवला. दिवा मी तिच्यासाठी लावला, काका. माझी सवय कितीही पक्की असली, तरी ती एखाद्या दिवशी चुकली तर त्याचा भुर्दंड तिने का भरावा?

मीटरमध्ये हिरवा दिवा असतोच, हे मान्य. पण तो बघायला मान खाली घालावी लागते. दुपारच्या उन्हात किंवा व्हायझरवर पावसाचे थेंब असताना तो दिसतही नाही. आरशाकडे मात्र नजर सतत जाते. शिवाय नजरेच्या कडेला काही लुकलुकलं की डोळा ते चटकन टिपतो. बझर मी मुद्दामच टाळला. कापूरबावडी नाक्यावरच्या हॉर्नच्या गोंगाटात, डोक्यावर हेल्मेट असताना तो कोणाला ऐकू येणार?

वायरिंग जळण्याची तुमची भीती रास्त आहे, म्हणून नेमकं काय केलंय ते सांगतो. डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरला, हेडलाइटच्या मागे, एकेक फाटा जोडला. दोन्हींचे एलईडी वेगळे, दोघांची अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी वायर, गाडीच्या अर्थला. प्रत्येक फाट्यात 1000 ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग, आहे, आणि तो एलईडीच्या पायाशी न बसवता फाटा जिथे निघतो अगदी तिथेच बसवलाय. सगळी सुरक्षितता या जागेत आहे. हँडल रोज डावी-उजवीकडे फिरतं, तिथे वायर घासून कधीतरी उघडी पडणारच. ती फ्रेमला टेकली तरी चार्जिंगच्या 14.4 व्होल्टला त्यातून साधारण 14 मिलिअँपिअरच जाणार. रेझिस्टरवर 0.21 वॅट पडतात, म्हणजे तोही तापून जळत नाही. नुसता दिवा विझेल, इंडिकेटर चालूच राहतील. हाच रेझिस्टर वर एलईडीपाशी बसवला असता, तर त्याच घासलेल्या वायरमधून पूर्ण करंट धावला असता. गाडीचा मुख्य फ्यूज 10-15 अँपिअरचा असतो. पातळ वायर अर्धवट टेकून तापू लागली, तर तो उडेलच असं नाही. जोड सोल्डर केलेत, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) घातलीय आणि सिलिकॉन भरलंय. आपल्याकडच्या पावसात नुसती चिकटपट्टी टिकत नाही.

भाच्याच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. माझा अंदाज, त्याने मूळ बल्ब काढून त्या जागी एलईडी बसवले असणार. पुढचा आणि मागचा 10-10 वॅटचा बल्ब मिळून फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागावर, 20 वॅटचा भार असतो. तो नाहीसा झाला की बल्ब गेला असं समजून फ्लॅशर भराभर मारू लागतो. आणि ज्या गाड्यांत मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असतो, तिथे तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. त्याचा करंट दुसऱ्या बाजूच्या बंद बल्बमधून अर्थला जातो. बल्बच्या जागी एलईडी आले की एवढासा करंटही त्यांना उजळायला पुरतो, म्हणून चारही लागतात. मी बल्ब काढले नाहीत. माझ्या एलईडीचा भार पाव वॅटही नाही, फ्लॅशरला तो कळतसुद्धा नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि ते असायलाच हवं. म्हणूनच बाहेरच्यांना दिसणारे इंडिकेटर जसे आले तसेच ठेवलेत, त्याच पिवळसर केशरी रंगाचे. आठवण-दिवा चालवणाऱ्याकडे तोंड करून आहे. त्यावर काळ्या स्लीव्हची टोपी आहे, त्यामुळे समोरच्याला तो दिसत नाही आणि रात्री माझेही डोळे दिपत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र कोणीही हे करू नये असंच मी सांगेन. इलेक्ट्रिकलचं काही बिघडलं की सर्व्हिस सेंटरवाले पहिलं बोट त्या फाट्याकडेच दाखवतील, आणि तिथे वाद घालून हाती काही लागत नाही.

तुमच्या येझदीवर लावून बघावंसं वाटलं, तर आधी बॅटरी तपासा. ती जुनी 6 व्होल्टची असेल तर 1000 ओहमवर एलईडी मिणमिणेल, 470 चा घाला. आणि वायरच्या रंगावर विसंबू नका. इंडिकेटर चालू करून मल्टिमीटर लावा, काटा किंवा आकडा उघडझापीबरोबर वरखाली झाला तरच ती वायर धरा.