चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नका

जुना छोटा ट्रक बाळगणाऱ्यांसाठीचा एक संदेश सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरला तर बॅटरी गेली समजा. बॅटरी चार्ज करणारा डायनामो तपासायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर डायनामो ठणठणीत. बॅटरी उतरली तर दहा मिनिटं उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवा. पाणी कमी झालं तर ॲसिड घाला. आणि डायनामो फिरवणारा पट्टा ताणून ठेवा. यातला पट्ट्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बाकीच्यांतला वायर काढण्याचा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेतो.

आपण सवयीनं डायनामो म्हणत असलो, तरी आज चालणाऱ्या जवळपास सगळ्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटर असतो. त्यात एसी करंट तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. बॅटरी इथे फक्त करंट साठवत नाही, व्होल्टेजचे झटकेही पचवते. चार्जिंग जोरात चालू असताना ती अचानक तोडली, तर अल्टरनेटर लगेच थांबत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज क्षणभर ८०-१०० पर्यंत उसळू शकतं. त्यात डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जातात. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासताच बाद! वर टर्मिनलपाशी ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा वायू, निघत असतो हे वेगळंच.

एवढं करून कळतं काय? यांत्रिक पंप असलेल्या बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांना एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. अल्टरनेटर पूर्ण मेलेला असला तरी ती आरामात फिरत राहतात, आणि संदेशाप्रमाणे तो ठणठणीत ठरतो.

साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत, चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन सुरू करून रेस थोडी वाढवा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला की चार्जिंग ठीक. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बघा. यंत्रणा २४ व्होल्टची असेल तर आकडे दुप्पट धरा. आकडा वाढलाच नाही, तर अल्टरनेटर खोलण्याआधी चावी फिरवून चार्जिंगचा लाल दिवा लागतो का पाहा. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिव्याचा छोटासा बल्ब उडाला की चार्जिंग नाही, आणि आपण मात्र अख्खा अल्टरनेटर बदलून मोकळे.

आता जड सेल्फ. मी स्वतः यात फसलो आहे. नवी बॅटरी टाकली, आठवडा बरा गेला, पुन्हा तेच घरघरणं. दोष निघाला इंजिन आणि चॅसिस जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून धड दिसणारी पट्टी बोल्टखाली गंजली होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फच्या करंटला परत यायला ती पट्टीच मुख्य वाट. ती अडली की करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल, तर जोडातला ०.०१ ओहमचा अडथळाही दीड व्होल्ट खातो. इतका छोटा अडथळा मल्टीमीटरच्या ओहमवर दिसत नाही, म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होणार नाही अशी सोय केलेली. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या बाजूला. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, इथे ०.५ पर्यंत चालतं. दोन्ही ठीक असून सेल्फ मारताना बॅटरीवरच ९.६ च्या खाली आकडा गेला, तर मग बॅटरीवर किंवा जाम झालेल्या सेल्फवर संशय घ्या. जोड सैल करताना आधी निगेटिव्ह काढायचा आणि शेवटी तोच लावायचा.

दहा मिनिटांचा हिशेब सोपा आहे. ६० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी उतरली, तर ३० परत भरायचे. उभ्या गाडीत, मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटरनं उदारपणे २० अँपिअर दिले असं धरलं, तरी दहा मिनिटांत जेमतेम ३.३ अँपिअर-अवर जातात. एकदा सेल्फ मारण्याचा खर्च तेवढ्यात निघतो, उतरलेली बॅटरी भरत नाही. तिला चार्जरवरच लावा.

ॲसिडबद्दल इतकंच की कमी होतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. डिस्टिल्ड वॉटर घाला, प्लेटा बुडून वर थोडं येईल एवढंच.

राहिला पट्टा. तो ढिला नसावा हे खरं, पण तारेसारखा ताणला तर अल्टरनेटरची बेअरिंग ओरडायला लागते. पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्यानं दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. आणि व्ही आकाराचा पट्टा खाचेच्या दोन्ही कडांवर पकड घेतो, तळावर नाही. झिजून तो तळाला टेकला असेल, तर कितीही ताणा, हेडलाइट लावल्या की घसरणारच. तो बदला.