पान एकशे अठरा

आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्याचा नियम साधा आहे. महिन्यातला एक रविवार, एक घर, एक पुस्तक. ज्यांचं घर त्यांनीच बोलायचं आणि त्यांनीच खायला करायचं. हा नियम काढणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वतःच्या पाळीला समोसे बाहेरून मागवतात आणि बोलायला यजमानांना बसवतात. पण नियम तो नियम. मार्चमध्ये माझी पाळी आली. मार्च म्हटल्यावर विषय ठरवायला बैठक लागत नाही. ‘आजची कादंबरी आणि स्त्री’. उरलेले अकरा महिने आम्ही शिवकाल आणि मधुमेह वाचतो.

वाचनालयातून एक कादंबरी आणली. ३४२ पानं, मुदत १५ दिवस. नाव सांगत नाही, कारण कादंबरीचा काही दोष नाही. हाल झाले ते माझे.

मुखपृष्ठावर पाठमोरी बाई होती. आपल्याकडे बाईवर कादंबरी निघाली की ती बाई वाचकाकडे पाठ करून उभी राहते. समोर खिडकी, केस मोकळे. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते चित्र चष्म्यातून आणि चष्म्यावरून असं दोनदा पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “स्वयंपाक व्हायचाय वाटतं हिचा.”

यांनी पुस्तक उलटं केलं. मागे छापलं होतं, ‘स्वतःच्या शोधात घराबाहेर पडलेल्या स्त्रीची कहाणी’. हे काही बोलले नाहीत. रात्री जेवताना, आमटीत मीठ आहे का विचारावं त्या सुरात म्हणाले, “किती दिवसांसाठी?”

“काय किती दिवसांसाठी?”

“ती पडते ना, घराबाहेर.”

“अहो, मी अजून पहिलं पानही उघडलं नाही.”

“नाही, डब्याचं काय करतात ते, एवढंच विचारत होतो.”

आता वाचायचं कधी, हा प्रश्न. मी कार्यालयात नोकरी करते, डोंबिवलीहून लोकलने जाते, घरी परत येते ती साडेसातला. उरला रविवार. रविवारी दुपारी मी दिवाणावर आडवी झाले आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी मला एक शोध लागला. फोन बघत बसलेल्या बाईला आमच्या घरात कोणी हाक मारत नाही, काहीतरी कामाचं बघत असेल असं समजतात. पुस्तक हातात घेतलेली बाई मात्र रिकामी असते. पाच पानांत मला सात हाका आल्या. जिरं कुठे आहे, मोजे कुठे आहेत, वायफायचा पासवर्ड काय, खाली भंगारवाला आलाय तर तो जुना कुकर द्यायचा का. जिरं गेली चोवीस वर्षं एकाच डब्यात, एकाच फळीवर आहे. डब्यावर चिठ्ठीही आहे, ‘जिरे’.

कट्ट्यावर बोलायचं तर नुसती कादंबरी नको, थोडी आकडेवारी हवी, म्हणून मी सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचं कात्रणही काढून ठेवलं होतं. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि करणारा पुरुष ८८. जे करतात त्यांचीच ही सरासरी आहे, हे ध्यानात घ्या. हे कात्रण यांच्या हाती लागलं. फार वेळ शांतता. मग गॅलरीतून आवाज, “अगं, यात माझी मिनिटं कमी धरली आहेत.”

मी म्हटलं, कशी?

यांनी पेन घेतलं. कुंड्यांना पाणी १० मिनिटं. कचऱ्याची पिशवी लिफ्टपर्यंत, २. दूधवाल्याशी बोलणं, ६. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ‘काही मदत हवी का’ विचारणं, रोजची सरासरी ४. एवढं मिळून २२ झाली. मग बराच वेळ पेन चावत बसले.

“जिरं शोधणं धरायचं का?”

धरा म्हटलं. तरी ३५च्या वर जाईना. शेवटी चहा मागितला, म्हणाले हिशेबाने डोकं दुखायला लागलं. माझी त्या दिवसाची २९०वी ते ३००वी मिनिटं त्या चहात गेली.

तेव्हा खरं वाचन लोकलमध्ये. चौथी सीटही मिळाली नाही तर उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान दाबून. शेजारी कोणी मटार सोलतंय, कोणी क्लिपा आणि टिकल्या विकतंय, कोपऱ्यात हळदीकुंकवाला काय वाण लुटावं यावर वाद. चौथ्या दिवशी पान उलटायला गेले तर खांद्यामागून आवाज आला, “थांबा हो ताई, माझ्या दोन ओळी राहिल्यात.” मागची बाई ठाण्यापासून माझ्याबरोबर वाचत होती. ओळख झाली. शुक्रवारी मी रजा घेतली, तर सोमवारी ती माझ्यावर रुसलेली. “शुक्रवारी काय झालं तिचं?” मी म्हटलं, काही झालं नाही, माझ्या घरी पेस्ट कंट्रोल होतं, पुस्तक कपाटात होतं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तर कादंबरीतली बाई. पान ४३ ते ४६, चार पानं, ती गॅलरीत बसून पाऊस बघते. हातात कॉफी. तिला आजोळ आठवतं, पहिलं प्रेम आठवतं, मातीचा वास येतो. लिहिलंय सुरेख. पण माझं अर्धं लक्ष सतत वरच्या दोरीकडे. गॅलरी आहे, पाऊस आहे, म्हणजे कपडे वाळत असणार. ते काढले कोणी? चार पानं! चादरी तर पार भिजल्या असतील. पान ४७वर ती आत येते आणि सरळ झोपते. ओले कपडे कुठे घातले, पंख्याखाली की दारांवर, याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. अंतर्मनाचे सात पापुद्रे सोलतात, पण लसूण कोण सोलतं ते सांगत नाहीत, ही माझी आजच्या पुष्कळ कादंबऱ्यांबद्दलची तक्रार आहे. सगळ्यांबद्दल नाही. कविता महाजनांच्या ‘ब्र’मधली प्रफुल्ला पाड्यापाड्यांवर महिला सरपंचांना भेटत हिंडते, तिथल्या बायकांना खुर्ची मिळते आणि कारभार नवरेच हाकायला बघतात, ते वाचताना मला कपड्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षही बाईच आहेत. मीटिंगला त्यांचे यजमान येतात.

वाचनालयाच्या पुस्तकात आणखी एक कादंबरी असते, फुकट मिळणारी. पान ३१वर हळदीचा अंगठा होता, रेषान् रेषा उमटलेला. पान ६४च्या समासात पेन्सिलीने, ‘दूध जादा २, गॅस १२ ता., बाईंना उचल ५००’. आणि पान ११८वर कल्याण-मुरबाड एसटीचं तिकीट. त्या पानावर नायिका बॅग भरून उंबरठ्यात उभी राहते, एक पाऊल आत, एक बाहेर. तिथून पुढची पानं कोरी करकरीत. डाग नाही, दुमड नाही, समासात हिशेब नाही. मी मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के मोजले, अकरा. अकरा जणींनी हे पुस्तक घरी नेलं आणि त्या बाईला अकरा वेळा उंबरठ्यात उभी करून परत दिलं. मी मनाशी म्हटलं, बारावी मी, पण मी हिला बाहेर काढणार.

ज्या रात्री मी ११८पर्यंत आले, त्याच रात्री पुस्तक नाहीसं झालं.

उशीखाली नाही, पर्समध्ये नाही, फ्रीजवर नाही. (फ्रीजवर का बघितलं असं विचारू नका. आमच्याकडे हरवलेलं सगळं फ्रीजवर असतं.) यांच्यावर संशय घेतला, यांनी आईची शपथ घेतली. आणि खुद्द आईच दुसऱ्या दिवशी पकडल्या गेल्या. देवघरासमोर, पोथीच्या पाटावर, ज्ञानेश्वरीच्या जागी कादंबरी, वर भिंग. वय ७९, मोतीबिंदू काढलेला. पान २०६.

“आई, माझं पुस्तक!”

“तू काही वाचत नव्हतीस. नुसतं उघडून ठेवून भाजी निवडत होतीस.”

आरोप खरा होता. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवून मत दिलं. “बरी आहे. पण घर सोडायला हिला एवढी पानं कशाला लागतात? ‘स्मृतिचित्रे’ वाच. टिळक उठले की चालले, कुणाला सांगणं नाही की सवरणं नाही.” मी विचारात पडले. खरंच की! लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात कशाच्या ना कशाच्या शोधात निघायचे ते त्यांचे यजमान, कवी टिळक. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुस्तक लिहिलं, आणि काय लिहिलं! हा मुद्दा मी भाषणासाठी टिपून ठेवला. दुधाच्या पिशवीवर. ती पिशवी नंतर भंगारात गेली.

आईंचं वाचन असं चोरटं नेहमीच होतं. १९९०मध्ये सुनीताबाई देशपांड्यांचं, पु.लं.बरोबरच्या संसाराबद्दल परखड लिहिलेलं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा मामंजींनी ते आधी स्वतः वाचलं, मग कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जादा गाद्यांच्या मागे ठेवलं. आईंनी स्टूल घेऊन रोज दुपारी वीस पानं अशी ते संपवलं, पुन्हा होतं तसं ठेवून दिलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. फक्त त्या आठवड्यात मामंजी जेवण झाल्यावर आपलं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवत होते, असं आई सांगतात. पुढच्या आठवड्यात राहिलं ते.

रविवार उजाडला. चौदा बायका, तीन पुरुष, त्यांतले दोन वड्यांसाठी आलेले. मी साबुदाण्याचं भिजवून ठेवलं होतं, बटाटे उकडले होते, ओट्यावर कुकरला टेकवून भाषणाचा कागद ठेवला होता. सुरुवात दमदार केली. “१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजला, वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच झोडपलं, त्या संतापातून हे पुस्तक आलं. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे...”

“नऊ आणे?” तळमजल्यावरचे काका सावरून बसले. “आणि हल्लीची कादंबरी कितीला?”

चर्चा तिथून कागदाचा भाव, जीएसटी, रद्दीचा भाव अशी गेली. ताराबाई तशाच उभ्या. मी दुसऱ्यांदा “१८८२ साली” म्हटलं तर आतून तेल तापल्याचा वास आला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, “वहिनी, गरम गरमच आणा, गार वडा चिवट होतो.” मी आत गेले. कादंबरी सोबत घेतली, एक घाणा होईस्तोवर निदान दोन पानं होतील म्हणून. पान १६०वर तेलाचा थेंब पडला तो तेव्हाच.

बाहेर चर्चा रंगली होती. कादंबरी कोणीच वाचलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. तिने घर सोडायला नको होतं. सोडलं तर मुलांना न्यायला हवं होतं. माहेरी जायचं, दोन दिवसांत राग निवतो. काकूंचे यजमान म्हणाले, “मुळात संवाद हवा,” आणि काकूंनी बोलायला तोंड उघडल्यावर म्हणाले, “तू थांब, मी सांगतो.”

एवढ्यात काठीचा आवाज झाला. आई बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या. “तुमच्यापैकी वाचलंय कोणी? नाही ना? मग मी सांगते.”

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या पानापासून, नाटकाचा प्रवेश सांगावा तसं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मीही झारा हातात धरून कान दाराकडे लावले. नायिका उंबरठा ओलांडते, स्टेशनवर जाते, एका अनोळखी बाईकडे राहते, वर्ष जातं, आणि मग एका संध्याकाळी जुन्या घराची बेल वाजवते. “दार कोणी उघडलं माहितीय?” आईंचा आवाज खाली आला. “दार उघडलं...”

वडा फुटला. साबुदाण्याचा वडा फुटतो तेव्हा नुसता फुटत नाही, तोफ होते. तेल माझ्या मनगटावर, भिंतीवर, ताराबाईंच्या कागदावर. मी गॅस बंद करून मनगट नळाखाली धरलं, आणि पाण्याच्या आवाजापलीकडे टाळ्या ऐकल्या. बाहेर येऊन बघते तर तळमजल्यावरचे काका डोळे पुसत होते.

रात्री आईंना विचारलं, दार कोणी उघडलं हो?

“वाच की. सगळं मीच सांगू?”

सोमवारी मुदत संपली होती. मुदत वाढवून मागितली, तर पुस्तकाला पुढचा नंबर लागलेला. वाचनालयातले काका अंगठ्याने पानं फरफर सोडून बघत होते. मध्येच थांबून त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं.

“२०० नंबरपासून पुढे बामाचा वास येतोय.”

“सासूबाई.”

“आणि १६०वर तेल.”

“ते माझं.”

त्यांनी दहा रुपयांची पावती फाडली. मग पान ३१ उघडून माझ्यासमोर धरलं. “ही हळद?”

“ती आधीपासूनच होती हो.”

“सगळ्या असंच म्हणतात,” ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर बारावा शिक्का मारला.