लढाई कधी सुरू होणार?

दुसऱ्या महायुद्धावरचा 'डंकर्क' हा चित्रपट पुन्हा एकदा भव्य पडद्यावर लागला होता, म्हणून आज तो पाहून आले. २०१७ साली आला तेव्हा कामाच्या धबडग्यात राहून गेला आणि नंतर घरच्या टीव्हीवर पाहिला. पण आयमॅक्सच्या, म्हणजे अतिभव्य पडद्यासाठीच्या, कॅमेऱ्याने टिपलेला चित्रपट टीव्हीवर पाहणे म्हणजे बादलीत समुद्र पाहणे आहे, हे तेव्हाच कळले होते. आज ती हौस फिटली, आणि खरे तर आता चित्रपटाविषयी लिहायला हवे होते. प्रत्यक्षात लिहायला बसले आहे ते माझ्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांविषयी.

पहिला अर्धा तास सरत आला होता. पडद्यावर करडा समुद्र, करडे आकाश आणि वाळूवर रांगा लावून निमूट उभी असलेली माणसे, एवढेच होते. कोणी काही बोलत नव्हते. अशा वेळी मागून, चार रांगांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात, प्रश्न आला, "अहो, लढाई कधी सुरू होणार?" आसपासचे दहा-बारा जण हसले. त्या हशाने गृहस्थांना हुरूप आला असावा, कारण थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी हशा आणखी मोठा होता.

लढाई सुरूच होती हो! आणखी कशी सुरू व्हायची असते? मे १९४० मध्ये जर्मन रणगाड्यांनी फ्रान्समध्ये मुसंडी मारून ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याला समुद्राच्या कडेला रेटले होते, आणि २६ मे ते ४ जून या काळात तिथल्या डंकर्क बंदरातून आणि किनाऱ्यावरून ३,३८,२२६ माणसे जहाजांतून आणि होड्यांतून पलीकडे इंग्लंडला नेली गेली. किनारा इतका उथळ की मोठी जहाजे वाळूच्या जवळ येऊच शकत नव्हती, त्यामुळे माणसे खांद्याएवढ्या पाण्यात तासन्‌तास रांगेत उभी राहिली. आणि ज्या अरुंद धक्क्यावरून बहुतेकांना जहाजांवर चढवले, तो लाटा अडवण्यासाठी बांधलेला होता, जहाजे लावण्यासाठी नव्हे. त्या माणसांच्या हातात करण्यासारखे काही उरलेच नव्हते. उभे राहायचे, वर पाहायचे आणि आपला क्रमांक बोटीत आधी लागतो की बॉम्बखाली, एवढ्याची वाट पाहायची. हीच त्यांची लढाई होती. ही गोष्ट माझ्या मित्रयादीतल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच तिथे बसल्या बसल्या माझा इतका संताप झाला असावा.

पण संताप एकट्या त्यांच्यावर काढणे सोपे आहे. सभागृहात आणखी काय काय चालले होते म्हणता? जहाज कलंडून माणसे पाण्यात पडत असताना डावीकडे कोणीतरी मोबाइल उंच धरून त्या दृश्याचे चित्रण करत होते. इतक्या मोठ्या पडद्यावरचे बुडते जहाज हाताएवढ्या पडद्यावर साठवून हे लोक पुढे काय करतात, हे एक कोडेच आहे. आणि चित्रपट संपून दिवे लागल्यावर, दाराकडे सरकणाऱ्या त्या सगळ्या गर्दीत मला एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकू आले: "आवाज काय जबरदस्त होता!" खुर्ची हादरत होती म्हणे. छातीत धडधड होत होती म्हणे. पडद्यावर जे मेले त्यांच्याविषयी, किंवा जे वाचले आणि शरमेने मान खाली घालून घरी परतले त्यांच्याविषयी, दारापर्यंत पोहोचेस्तोवर एक शब्दही माझ्या कानावर पडला नाही.

आवाज जबरदस्त होता, यात वादच नाही. आयमॅक्सचा कॅमेरा इतका गोंगाट करतो की त्याच्यासमोर हळू आवाजातले संवाद टिपणे अवघड होऊन बसते. या चित्रपटात माणसे इतके कमी बोलतात त्यालाही ते सोयीचेच पडले असावे. तोंडचे शब्द काढून घेतल्यावर सगळा भार आवाजावर येतो. पार्श्वसंगीतात घड्याळाची टिकटिक आहे आणि चढतच राहिल्याचा भास देणारा, पण प्रत्यक्षात कुठेही न पोहोचणारा एक स्वर आहे, जो ऐकताना जबडा आपोआप आवळला जातो. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे त्या जर्मन बॉम्बफेकी विमानांची किंकाळी. 'स्टुका' नावाची ही विमाने जवळपास उभी खाली झेपावत, आणि त्यांच्या चाकांच्या दांड्यांवर वाऱ्याने फिरणारे भोंगे मुद्दाम बसवलेले असत. त्या भोंग्यांनी एकही बॉम्ब अधिक नेमका पडत नव्हता. खाली उभ्या असलेल्या माणसाचा बॉम्ब पडण्याआधीच धीर सुटावा, एवढ्याचसाठी ते होते. म्हणजे ज्या आवाजाला आज आपण दाद देत बाहेर पडलो, तो मुळात माणसांना घाबरवण्यासाठी घडवलेले हत्यार होता. त्याला 'भारी' म्हणताना जीभ थोडी तरी अडखळायला हवी होती, असे मला वाटते. कोणाची अडखळली नाही.

याच संदर्भात एक जुनी हकीकत आठवते. १९१६ साली, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली सोमची लढाई चालू असतानाच, तिच्यावरचा माहितीपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. लढाई १ जुलैला सुरू झाली होती आणि ऑगस्टमध्ये लोक चित्रपटगृहांत बसून ती पाहत होते. ज्यांचे मुलगे, भाऊ, नवरे त्या क्षणी तिथे होते तेच लोक. पहिल्या काही आठवड्यांतच त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपली असे सांगतात. मेलेल्या माणसांची दृश्ये करमणुकीच्या ठिकाणी दाखवणे शोभते का, यावर वर्तमानपत्रांत पत्रे छापून आली; डरहॅमच्या कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूंनी (डीननी) जाहीर निषेध केला. खंदकातून चढून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचे त्यातले जे दृश्य सर्वांत गाजले, ते तर सरावाच्या जागी घडवून आणलेले होते. पण मला जी गोष्ट विसरता येत नाही ती वेगळीच आहे. हा मूकपट फ्रान्समध्ये विश्रांतीवर असलेल्या सैनिकांनाही दाखवला गेला, आणि त्यांची मुख्य तक्रार अशी होती की यात आवाज नाही. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले होते त्यांना वाटले, आवाजावाचून हे काहीच नाही. शंभर वर्षांनी आपल्याला तो आवाज मिळाला, पोटात ढवळून काढील इतका मिळाला, आणि आपण त्याचे काय केले? खुर्ची हादरली म्हणून खूश झालो.

इथपर्यंत लिहिले आणि उठून पाणी प्यायले. आता जे लिहायचे आहे ते लिहावे की नाही याचा विचार करत होते, पण न लिहिले तर वरचे सगळे लबाडीचे ठरेल.

त्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा तोंड उघडले तर मागे वळून चार शब्द सुनवायचे, असे मी ठरवले होते. शब्दही तयार होते. तेवढ्यात पडद्यावर धक्क्यावरच्या गर्दीवर स्टुका झेपावले, तो भोंगा सुरू झाला, आणि मागून काहीतरी आवाज आला म्हणून मी वळले. गृहस्थ बोलले नव्हते. त्यांच्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता, जो मला तोवर दिसलाच नव्हता, आणि त्याने दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले होते. त्याच्या त्या हातांवर गृहस्थांनी आपले दोन्ही हात दाबून धरले होते. असे धरण्यासाठी त्यांना खुर्चीत अर्धे वळून बसावे लागले होते, त्यामुळे त्यांची पडद्याकडे जवळजवळ पाठ होती. मी पुन्हा समोर पाहू लागले. तयार ठेवलेले चार शब्द तसेच राहिले.

याचा अर्थ त्यांचे बोलणे बरोबर होते असा मुळीच नाही. एवढ्या लहान मुलाला हा चित्रपट दाखवायला आणावा का, हाही एक प्रश्न आहे, आणि तो मी विचारणारच. पण 'लढाई कधी सुरू होणार' हे वाक्य मी ज्या तोंडी घालून बसले होते, तो माणूस आणि हे हात काही केल्या एकमेकांना जुळत नव्हते. कदाचित मुलाला हसवायला म्हणून ते बोलत असतील. कदाचित स्वतःला. मी त्यांना विचारले नाही, तेव्हा माझ्याजवळ फक्त कदाचित आहेत.

माणसे अंधारात हसतात ती प्रत्येक वेळी मजा वाटते म्हणूनच हसतात असे नाही, हेही मान्य करते. तिकीट काढून आलेल्या माणसाने काय वाटून घ्यावे हे मी कोण ठरवणार, असे कोणी म्हणेल, तर त्यालाही माझ्याजवळ चोख उत्तर नाही. १९९८ साली 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आला तेव्हा त्यातली किनाऱ्यावरची सुरुवातीची चकमक पाहून दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे सैनिक इतके हादरले, की अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने त्यांच्यासाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक ठेवला होता. तोच चित्रपट, त्याच सभागृहांत, बाकीच्यांनी थरारपट म्हणून पाहिला. शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस कुठला चित्रपट पाहतो आहे हे आपल्याला कधी कळत नाही. आणि पडद्यावर जे दाखवलेच नाही त्याचा हिशोब तर प्रेक्षक कधीच करत नाही. खेचरांवरून सामान वाहणाऱ्या आणि ती खेचरे मागे सोडून डंकर्कहून निघालेल्या भारतीय तुकड्यांतले जवान या चित्रपटात नाहीत, आणि आज ती उणीव मलासुद्धा बाहेर आल्यावरच आठवली.

खुद्द त्या किनाऱ्यावरही हेच झाले होते. ब्रिटिश वैमानिक बहुधा किनाऱ्यापासून दूर, आत किंवा ढगांच्या वर जर्मन विमानांना अडवत होते, पण वाळूवर उभ्या असलेल्या सैनिकांना ते दिसत नव्हते, म्हणून परतल्यावर त्यांनी वैमानिकांना टोमणे मारले की तुम्ही होता कुठे. चित्रपटातही तो प्रसंग आहे. सर्वांत जवळून पाहणाऱ्यांनाही वर चाललेली लढाई लढाई वाटली नाही, तर माझ्या मागच्या रांगेला काय बोल लावायचा. (बोल लावतेच आहे मी, पण सुरुवातीला होता तेवढा जोर आता राहिलेला नाही.)

आणि आता माझे स्वतःचे. चित्रपटाच्या अखेरीकडे इंधन संपलेले एक ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमान, पंखा थांबलेल्या अवस्थेत, नुसते तरंगत किनाऱ्यावरून येते आणि धक्क्यावर झेपावणाऱ्या शेवटच्या स्टुकाला पाडते. धक्क्यावरचे सैनिक जल्लोष करतात. त्या क्षणी आमच्या सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली, मग तिच्यामागोमाग बऱ्याच टाळ्या पडल्या, एक-दोन शिट्ट्याही आल्या. ती पहिली टाळी माझी होती. मी ठरवून वाजवली नाही. हात आपोआप एकमेकांवर आपटले आणि आवाज झाल्यावर मला कळले. मला बरे वाटले होते, आणि चांगलेच बरे वाटले होते, हे सांगण्यात आता काय लाज. त्या पडणाऱ्या विमानात दोन माणसे असतात, एक चालवणारा आणि एक मागे तोंड करून बसलेला तोफची, हे मला चित्रपटाला जाण्याआधीपासून ठाऊक होते.

मागच्या रांगेतून त्या वेळी टाळी आली नाही. हेही मी वळून पाहिले म्हणून सांगते आहे. मुलगा आता कानांवरचे हात काढून टक लावून पडद्याकडे पाहत होता, आणि गृहस्थ मुलाकडे पाहत होते.

बाहेर येईपर्यंत ते दोघे गर्दीत दिसेनासे झाले. मी जिन्यावर थांबून मोबाइल चालू केला, तर बहिणीचा निरोप येऊन पडला होता, "कसा वाटला?" तिलाही हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा आहे, त्यामुळे ती वाट पाहत होती. मी घाईघाईने उत्तर पाठवले आणि चालू लागले. आता हे सगळे लिहून झाल्यावर तो निरोप उघडून पुन्हा वाचला. मी लिहिले होते, "अगं, जाच तू. आवाज ऐकून अंगावर काटा येतो."