सात उपग्रह का, चोवीस का नाहीत: निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाविक या उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या भारताच्या स्वतःच्या यंत्रणेवरच्या लेखाखाली तुम्ही निपाणीहून लिहिलंत: "जीपीएस फुकट मिळतंय, मग स्वतःची यंत्रणा कशाला? केलीच तर जगभर चालणारी करायची. हे अर्धवट काम, आणि तेही बंद पडायला आलंय. वर १५०० किलोमीटरच्या हद्दीचं कौतुक! सीमाभागातल्या माणसाला रेषांचं कौतुक सांगू नका." शेवटचं वाचून हसू आलं. नाविक भारतात आणि सीमेपलीकडे १५०० किलोमीटरपर्यंत चालावं अशी रचना आहे, आणि ही हद्द बेळगाव आणि कोल्हापूर दोघांनाही आत घेते. एवढं एकमत आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या रेषेवर झालंय, सांगा बघू.

फुकटचं म्हणाल तर, मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत होती. मालकाने ठरवलं म्हणून ती थांबली. यावर जास्त बोलायची गरज नाही.

"अर्धवट" मात्र मला मान्य नाही. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. त्यातला कुठलाही एक घ्या, बराच वेळ तो आपल्या क्षितिजाखालीच असतो. म्हणून त्यांना किमान २४ लागतात. इस्रोने उपग्रह ३६,००० किलोमीटरवर नेले. तिथली फेरी पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते, त्यामुळे तीन उपग्रह जवळपास जागीच राहतात आणि चार आपल्याच आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत असतात. सातही कायम नजरेत. सगळेच स्थिर का ठेवले नाहीत? ते विषुववृत्तावर एका ओळीत आले असते आणि उत्तर-दक्षिण जागा धड काढता आली नसती. चौघांच्या कक्षा २९ अंशांनी कललेल्या आहेत, त्याने ती ओळ मोडते.

खरा गुंता लहरींचा आहे. विषुववृत्ताजवळ आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार चंचल असतं आणि त्यातून येताना संदेशाला उशीर होतो. हा उशीर कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकच संदेश दोन कंप्रतांवर पाठवला की दोन्हींच्या पोहोचण्यातल्या फरकावरून उशीर मोजून वजा करता येतो. म्हणून ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एल-५ आणि एस या पट्ट्यांतल्या, एकमेकींपासून लांबच्या दोन निवडल्या. हिशेब चोख होता, पण बहुतेक फोन जीपीएसच्या एल-१ या पट्ट्यावरच ऐकत होते. बोलतोय तो आणि ऐकणाराच नाही, अशी गत झाली. तुम्ही टीका करायला हवी होती ती इथे. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या पिढीच्या उपग्रहापासून एल-१ आलं, फार उशिरा.

बंद पडण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की सोडलेल्या ११ पैकी तेव्हा चारच उपग्रह जागा सांगण्याच्या कामी होते. पण म्हणून प्रादेशिक रचना चुकली असं होत नाही. मोडली ती उपग्रहांवरची अणुघड्याळं. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, तेव्हा घड्याळ मायक्रोसेकंदाने हुकलं तर ३०० मीटरचा फरक. परदेशातून आणलेली ही रुबिडियम घड्याळं एकामागून एक बंद पडली. आयआरएनएसएस-१ए या नाविकच्या पहिल्या उपग्रहाची तर तिन्ही गेली. त्याच सुमारास गॅलिलिओ या युरोपच्या अशाच यंत्रणेचीही घड्याळं बंद पडत होती, पण तिथे उपग्रह जास्त होते. आपले बदली उपग्रह दोनदा हुकले: ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचं उष्णता-कवच सुटलं नाही, जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ ची झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत गेलाच नाही. सातांच्या यंत्रणेला तयार बदली हवेतच. तिथे आपण हात आखडता घेतला, असं माझं मत आहे. अहमदाबादला बनलेलं आपलं घड्याळ एनव्हीएस-०१ वर आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात: तीन दिशांचे तीन आणि फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला चौथा. जुलै २०२५ मधल्या त्या चारांतले तीन बेळगावच्या पश्चिमेला, ३२.५ आणि ५५ अंश रेखांशांवर होते. एकटा एनव्हीएस-०१ पूर्वेला, १२९.५ वर, आपल्या क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर. खानापूरच्या जंगलात तो झाडांआड गेला की नुसत्या नाविकवर जागा निघणं तेव्हाच शक्य नव्हतं. फोन जीपीएसचे उपग्रहही सोबत धरतो, म्हणून आपल्याला कळत नाही इतकंच.

जांबोटीच्या रस्त्यावर फोनने भलत्याच वाटेला लावलं, असंही तुम्ही लिहिलंत; तो राग वेगळा ठेवा. तिथे जागा बरोबर होती, नकाशा चुकीचा होता. उपग्रह रस्ते काढत नाहीत.

आणि एक करून बघा की. उपग्रहांची यादी दाखवणारं एखादं ॲप घ्या, मोकळ्या माळावर उभं राहा आणि नाविकचे किती दिसतात ते इथेच खाली लिहा, फोनच्या मॉडेलसकट.